पोटदुखीचे पहिले सहा तास : प्रस्तावना

पोटात दुखतंय म्हटलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय खाल्लंस?" लग्नाची पंगत, गाड्यावरची भेळ, उपासाची साबुदाण्याची खिचडी असं काहीतरी उत्तर मिळतं आणि मग ओवा, खायचा सोडा किंवा औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी यांवर रात्र काढली जाते. बहुतेक वेळा तेवढं पुरतंही. पोटाची कितीतरी दुखणी आपली आपण थांबतात, त्यामुळे या प्रश्नाला चुकीचा म्हणणं बरोबर होणार नाही. पण ज्या थोड्या माणसांचं पोट त्या रात्री आतून बिघडत चाललेलं असतं, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न वेळ खातो. कारण सापडल्यासारखं वाटतं आणि पाहणं थांबतं. तिथे विचारायला हवं ते असं: नेमकं किती वाजता सुरू झालं? आधी कुठे दुखत होतं, आता कुठे दुखतंय? मघापेक्षा वाढलंय की कमी झालंय?

हे पुस्तक या प्रश्नांसाठी लिहिलं आहे. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर म्हणून माझं काम तालुक्याच्या गावी झालं. पोट दुखणारा माणूस माझ्यासमोर येतो तेव्हा दुखण्याचे पहिले तास उलटून गेलेले असतात. ते तास पाहिलेले असतात आईने, नवऱ्याने, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी, शेजारच्या खाटेवरच्या मित्राने. निदानाला सगळ्यांत उपयोगी पडणारी माहिती त्यांच्याकडे असते आणि ती आपल्याकडे आहे हे बहुधा त्यांना ठाऊक नसतं. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन त्या घटकेचं चित्र दाखवतात. दुखणं कुठून निघालं, कसं सरकलं, मध्ये थांबलं होतं का, हे त्या चित्रात नसतं. ते सांगायला माणूसच लागतो.

दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवलं की आजार कळला, असं पोटाच्या बाबतीत का होत नाही, ते आधी पाहू. आतड्याला कापलेलं कळत नाही. दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करताना डॉक्टर आतल्या अस्तराचा तुकडा काढून घेतात, तो काढल्याचं रुग्णाला समजतही नाही. आतड्याला कळतं ते ताणणं, पिळवटणं, सुजणं आणि रक्तपुरवठा तुटणं. शिवाय आतड्याच्या नसा मेंदूला नेमका पत्ता देत नाहीत. जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड यांचं दुखणं बेंबीच्या वर जाणवतं, लहान आतडं आणि ॲपेंडिक्स यांचं बेंबीपाशी, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं ओटीपोटात. म्हणजे आतल्या अवयवाचं दुखणं सुरुवातीला मध्यरेषेवर, बोट ठेवता येणार नाही असं, मळमळ सोबत घेऊन येतं. पोटाच्या भिंतीला आतून जे पातळ अस्तर असतं त्याच्या नसा मात्र कातडीच्या नसांसारख्या नेमक्या असतात. सुजलेला अवयव या अस्तराला टेकला की दुखणं एका जागी येऊन बसतं. रुग्ण मग पूर्ण तळवा फिरवत नाही, एका बोटाने जागा दाखवतो.

ॲपेंडिक्सच्या दुखण्याची सारी गोष्ट या दोन प्रकारच्या नसांत आहे. संध्याकाळी बेंबीभोवती दुखू लागतं, जेवण नको होतं, एकदोन उलट्या होतात. घरी सगळ्यांना अपचन वाटतं, आणि त्या वेळी दुसरं काही वाटावं असं कारणही नसतं. पुढच्या काही तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकतं, बारीक ताप येतो, उठताना माणूस उजवी बाजू धरून वाकतो. सगळ्यांत हे असंच होतं असं नाही. ॲपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असलं तर कंबरेत दुखतं, खाली ओटीपोटात लोंबत असलं तर लघवीला जळजळ किंवा जुलाब होतात. तरीही आधी बेंबीशी आणि मग उजवीकडे, हा क्रम कुणी सांगितला की माझं निदान अर्ध्याहून अधिक झालेलं असतं. हा क्रम फक्त सोबत जागलेल्या माणसाला माहीत असतो.

वैद्यकाला हे कळायलाही फार काळ लागला. ॲपेंडिक्स काढल्याची पहिली नोंद १७३५ सालची, लंडनमधल्या क्लॉडियस अम्यांड यांची, पण ती एका मुलाच्या हर्नियावर शस्त्रक्रिया करताना घडून आलेली होती. त्यानंतर दीडशे वर्षं उजव्या बाजूच्या या दुखण्याचा दोष मोठ्या आतड्यावरच ठेवला जात होता आणि अफू देऊन रुग्णाला निजवून ठेवत. १८८६ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी शवविच्छेदनांवरून दाखवून दिलं की आजाराचं मूळ या करंगळीपेक्षाही बारीक नळीत आहे आणि ती फुटण्याआधी काढली पाहिजे. तीन वर्षांनी न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी दाबल्यावर सर्वांत दुखणारी जागा वर्णन केली. आजही तिला त्यांचंच नाव आहे. पण ज्ञान छापून येणं आणि ते वेळेवर वापरलं जाणं यांत अंतर असतं. १९०२ च्या जूनमध्ये ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांचं पोट दुखू लागलं. २६ तारखेला राज्याभिषेक होता, पाहुणे लंडनला पोचले होते, आणि राजाला समारंभ पुढे ढकलणं मान्य नव्हतं. दुखणं सुरू होऊन दहाएक दिवस उलटले. अखेर २४ जूनला राजवाड्यातच फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी शस्त्रक्रिया करून ॲपेंडिक्सभोवती साठलेला पू काढला. राजा वाचला, राज्याभिषेक ऑगस्टमध्ये झाला. ट्रीव्हज हे या आजाराचे त्या काळचे मोठे जाणकार होते. तरी दोनच वर्षांपूर्वी याच आजाराने त्यांची स्वतःची मुलगी दगावली होती. उद्याच्या महत्त्वाच्या कामासाठी दुखणं दाबून ठेवणारे मी खूप पाहिले आहेत: परीक्षा, लग्न, कापसाची वेचणी, कारखान्याची पाळी. प्रत्येकाचं कारण खरं असतं आणि पोट त्यासाठी थांबत नाही.

पुस्तकाच्या नावातले सहा तास कुठून आले ते सांगायला हवं. लंडनचे शल्यचिकित्सक झॅकरी कोप यांनी १९२१ साली अचानक उद्भवणाऱ्या पोटदुखीच्या निदानावर एक लहानसं पुस्तक लिहिलं. शंभर वर्षांनंतरही ते सुधारित आवृत्त्यांमधून वाचलं जातं. त्यांनी एक ढोबळ नियम दिला: आधी चांगल्या असलेल्या माणसाला जोराची पोटदुखी होऊन ती सहा तास टिकली, तर बहुतेक वेळा कारण शस्त्रक्रियेच्या कक्षेतलं असतं. नियम ढोबळच आहे. सहा तास घरी थांबावं असा त्याचा अर्थ कुणी घेऊ नये, काही दुखण्यांत तर सहा मिनिटंही थांबायचं नसतं. पण ज्या घरात घड्याळाकडे कुणी पाहिलंच नाही, त्या घरासाठी हा नियम मोलाचा आहे. रात्री नऊला सुरू झालेलं सलग दुखणं पहाटे तीनला तसंच असेल किंवा वाढलेलं असेल, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नये.

त्या तासांत काय पाहायचं? सर्वांत आधी, माणूस कसा पडलाय ते. नळीतला अडथळा आणि अस्तराचा दाह यांत माणूस अगदी वेगळा वागतो. मुतखडा लघवीच्या नळीत अडकला की माणूस गडाबडा लोळतो, उठतो, फेऱ्या मारतो, कुठल्याच बाजूला त्याला चैन पडत नाही. कळ कंबरेतून जांघेकडे उतरते. याउलट जठराला किंवा आतड्याला भोक पडून आतला ऐवज पोटात पसरला की माणूस हलत नाही. गुडघे जवळ घेऊन निपचित पडतो, श्वासही वरच्या वर घेतो, पोट फळीसारखं कडक लागतं. लोळणारा माणूस पाहून घर घाबरतं आणि शांत पडलेल्याला "झोप लागली वाटतं" म्हणून पांघरूण घातलं जातं. या दोघांत अधिक धोक्यात कोण आहे, हे घरच्यांना माहीत असतं तर मला किती जण लवकर भेटले असते, हा विचार माझी पाठ सोडत नाही. शांत पडलेल्या माणसाला खोकायला सांगा. खोकल्याने पोटात चमक निघत असेल तर अस्तरापर्यंत दाह पोचला आहे. गाडीतून येताना खड्ड्याखड्ड्याला दुखलं का, हेही आम्ही आवर्जून विचारतो. हा प्रश्न कुणाला किरकोळ वाटू नये. इंग्लंडमधल्या स्टोक मॅंडेव्हिल रुग्णालयात याचा रीतसर अभ्यास झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. ॲपेंडिक्सचा दाह सिद्ध झालेल्या ३४ जणांपैकी ३३ जणांना गतिरोधकावरून गाडी जाताना दुखणं वाढलं होतं.

दुसरं, मध्येच थांबलेलं दुखणं. तासन्‌तास ठणकणारं पोट एकाएकी हलकं झालं तर घरात सुटकेचा श्वास सोडला जातो. फुगलेलं ॲपेंडिक्स फुटलं की आतला ताण जातो आणि काही काळ बरं वाटतं. मग ताप चढतो, नाडी जलद होते, दुखणं सगळ्या पोटभर पसरतं. औषधाविना आलेला आराम आणि सोबत कोमेजलेला चेहरा दिसला, तर त्या आरामावर विश्वास ठेवू नका.

वेदनाशामक गोळीबद्दल जुना समज असा की निदान होईपर्यंत ती देऊच नये, लक्षणं झाकली जातात. कोप यांच्या पहिल्या आवृत्त्यांतही तेच होतं. पुढच्या चाचण्यांतून दिसलं की रुग्णालयात तपासणीबरोबर वेदनाशामक दिल्याने निदान बिघडत नाही, त्यामुळे रुग्णाला कळवळत ठेवण्याचं आता काही कारण उरलेलं नाही. घरची गोष्ट निराळी. एक पॅरासिटामॉल घेऊन कुणाचं नुकसान होत नाही. दुकानातून सांगून आणलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी किंवा इंजेक्शन दर चार तासांनी घेत दिवस ढकलणं मात्र घातक आहे. या औषधांनी जठराला जखम होते. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षं याच गोळ्या खाणाऱ्या आजींच्या जठराला भोक पडतं तेव्हा पुष्कळदा पूर्वसूचनाही मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांचं पोट बऱ्याचदा कडक होत नाही, ताप चढत नाही, दुखणंही ती बेतानेच सांगतात. सत्तरीच्या माणसाचं "थोडंसं दुखतंय" हे विशीच्या मुलाच्या आरडाओरड्याइतकंच गांभीर्याने घ्यावं. मधुमेह असलेल्यांचं आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांचंही तसंच.

काही दुखणी पोटात जाणवतात आणि मूळ दुसरीकडेच असतं. त्यांच्यावर या पुस्तकात मी मुद्दाम अधिक पानं दिली आहेत. हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका छातीत न येता बेंबीच्या वर जळजळ आणि दडपण म्हणून येऊ शकतो. बायका, मधुमेही आणि वयस्क यांच्यात हे विशेष दिसतं. "पित्त झालंय" म्हणून थंड दूध दिलं जातं आणि इसीजी काढायला सकाळ उजाडते. घाम फुटला असेल, दम लागत असेल, जबडा किंवा हात भरून आला असेल, तर त्याला पित्त म्हणू नये. लहान मुलांना न्यूमोनिया झाला की कधी कधी ती पोटच दुखतं म्हणून सांगतात. मधुमेह आहे हेच ठाऊक नसलेल्या मुलाला पोटदुखी, उलट्या, अतोनात तहान आणि खोल जलद श्वास असेल, तर रक्तातली साखर लगेच तपासावी लागते. वयात येणाऱ्या मुलाच्या वृषणाला पीळ पडला की दुखणं ओटीपोटात जातं. मुलगा लाजेपोटी खरी जागा सांगत नाही. तो पीळ साधारण सहा तासांत सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घटते. बापाने किंवा शिक्षकाने एवढंच विचारावं, "खाली दुखतंय का?" आणि उत्तराची वाट पाहावी.

मण्यार या सापाचं नाव पोटदुखीच्या पुस्तकात पाहून वाचकाला नवल वाटेल. पावसाळ्यात ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक असतो की बऱ्याचदा जागही येत नाही, सूज नाही, खूण सापडत नाही. माणूस मध्यरात्री किंवा पहाटे पोटात कळा, उलट्या घेऊन उठतो. घरचे अन्नविषबाधा समजतात. काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, मग श्वासाचे स्नायू निकामी होतात. मण्यारीच्या विषावरही चालणारी प्रतिसर्पविष लस आपल्या सरकारी रुग्णालयांत मिळते, पण माणूस श्वास चालू असताना तिथे पोचायला हवा. जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे विनाकारण पोटदुखी झाली आणि त्याला डोळे पूर्ण उघडता येत नसतील, तर काल काय खाल्लं हे विचारत बसू नका. आश्रमशाळांच्या अधीक्षकांनी हा परिच्छेद भिंतीवर लावला तरी माझी हरकत नाही.

बायकांच्या पोटदुखीला या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. म्हणजे ओटीपोटाचं दुखणं, अंगावरून जाणं, पाळीतल्या कळा हे सगळं बायका जगण्याचाच भाग मानून सोसत होत्या. अजूनही सोसतात. स्वयंपाक आटोपून, मुलांना शाळेत पाठवून, "आता जरा जास्तच व्हायला लागलं" म्हणून त्या येतात. दुसऱ्या टोकाला, २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया चर्चेत आल्या आणि राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ओटीपोट दुखतं, पांढरं जातं, एवढ्यावर ऐन तारुण्यात "पिशवी काढून टाका" हा सल्ला मिळत होता. आधी वर्षानुवर्षं कुणी पोटाला हात लावून पाहत नाही आणि मग अवयवच काढला जातो. मला या दोन्ही गोष्टी एकाच दुर्लक्षाच्या वाटतात, कारण दोन्हीकडे त्या बाईचं दुखणं शेवटपर्यंत ऐकून घेतलेलंच नसतं. दर पाळीला काम बंद पाडणारं दुखणं किंवा सहा महिने टिकलेलं ओटीपोटाचं दुखणं तपासायला हवं. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घेणं हा तिचा हक्क आहे.

याच प्रकरणातला एक तातडीचा भाग इथेच सांगून टाकतो. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत रुजला आणि नळी फुटली, तर पोटात रक्त साठत जातं आणि बाई काही तासांत हातची जाते. पाळी चुकलेली असते, किंवा थोडंसं डागासारखं गेल्याने ती आल्याचा समज झालेला असतो. एका बाजूला ओटीपोटात जोराची कळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाला दुखतं. खांदा दुखतो कारण श्वासपटलाच्या नसा मानेतून येतात. आतल्या रक्ताने श्वासपटल डिवचलं गेलं की मेंदूला ते खांद्याचं दुखणं वाटतं. पित्ताशयाच्या दाहात उजवा खांदा किंवा पाठ दुखते त्यामागेही बऱ्याच अंशी हेच आहे. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय म्हणून ही शक्यता सोडून देऊ नका. त्या ऑपरेशननंतर गर्भ क्वचितच राहतो, पण राहिला तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त असते. पाळी चालू असण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीच्या जोराच्या पोटदुखीत लघवीची गर्भतपासणी करावीच. अविवाहित मुलीच्या बाबतीत ती विचारण्यात अपमान नाही, न विचारण्यात तिच्या जिवाला धोका आहे.

तान्ह्या बाळाला बोलता येत नाही. बेंबीभोवती हिंग लावणं, गुटीत मुरडशेंग उगाळणं यांबद्दल घरातल्या आजीशी वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. शांत हातांनी पोट चोळल्याने बाळाला बरंही वाटतं. बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेत किंचाळत असेल, मधल्या वेळात मलूल पडत असेल, हिरवी उलटी झाली असेल किंवा शी लाल चिकट जेलीसारखी झाली असेल, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. त्या वेळी गुटी बाजूला ठेवून निघायचं. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळांना तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची प्रथा आजही पुरती गेलेली नाही. त्या आयांना दोष देऊन ती जाणार नाही. बाळाचं पोट फुगलं की दोन तासांच्या आत ज्याच्यापर्यंत पोचता येईल आणि ज्याची भाषा कळेल असा डॉक्टर तिथे असला तर जाईल.

शाळेत जायच्या वेळी पोट दुखणारी मुलं निराळी. ब्रिस्टॉलचे बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांनी १९५८ साली हजार शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या सुमारे दहातल्या एका मुलाचं पोट पुन्हा पुन्हा दुखत होतं आणि फारच थोड्या मुलांत शारीरिक आजार सापडला. दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितकं आजाराचं कारण असण्याची शक्यता अधिक, असं त्यांनी सांगितलं. पण हे दुखणं खोटं असतं असं ॲप्ली कधीच म्हणाले नाहीत. आतड्याच्या भिंतीत नसांचं स्वतंत्र जाळं आहे, त्यात कोट्यवधी पेशी आहेत, आणि भीती किंवा ताण त्यांना खरोखर जाणवतो. "नाटकं करतो" हे वाक्य त्या मुलासमोर उच्चारू नये. वजन वाढतंय, ताप नाही, शौचातून रक्त नाही, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत नाही, हे पाहून घ्यावं आणि मग शाळेत काय चाललंय ते हलक्याने विचारावं. मोठ्यांमध्येही महिनोन्‌महिने चालणाऱ्या, शौचाशी निगडित आणि तपासण्यांत काही न सापडणाऱ्या दुखण्याबद्दल हेच म्हणेन. सोबत वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग मनात ठेवावा लागतो. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे वारंवार पोट दुखणाऱ्या मुलाची सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हेही विचारावं.

आता न थांबता निघायचं केव्हा, ते एका दमात सांगतो. दुखणं वीज पडल्यासारखं एकाएकी आणि अतिशय जोराचं सुरू झालं. पोट कडक झालं. पोट फुगलं, उलट्या होताहेत आणि शौच किंवा वारा सरत नाही, विशेषतः आधी पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा हर्नियाचा फुगवटा कडक होऊन आत जात नसेल. उलटीतून रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं पडलं, शौच डांबरासारखं काळं आणि दुर्गंधीचं झालं (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते असं चिकट, डांबरी नसतं). डोळे पिवळे, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं हे तिन्ही एकत्र आलं. दारू पिणाऱ्याला किंवा पित्ताचे खडे असलेल्याला बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत आरपार जाणारं, पुढे वाकल्यावर थोडं हलकं होणारं दुखणं झालं. चक्कर आली, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली. पोटाला मार लागला. बाई गरोदर आहे. यांतलं एक जरी असेल तर १०८ ला फोन करावा, रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. सहा तास हे यांच्यासाठी नाहीत.

रुग्णालयात गेलं म्हणजे कापाकापी, ही भीतीही लोकांना घरी बसवते. अचानक पोट दुखून येणाऱ्या पुष्कळ जणांना काही तास निरीक्षणाखाली ठेवून, पुन्हा पुन्हा पोट तपासून घरी पाठवलं जातं आणि नेमकं कारण सापडलंच नाही तरी ते बरे होतात. ॲपेंडिक्सच्या साध्या दाहातही आता प्रतिजैविकांचा पर्याय आहे. फिनलंडमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिजैविकं दिलेल्या दर चारांपैकी जवळपास तिघांना पुढच्या वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही. हा पर्याय न फुटलेल्या ॲपेंडिक्सपुरता आहे, म्हणजे लवकर आलेल्यालाच तो मिळतो. जठरातल्या जखमेचंही असंच झालं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तिच्यामागचा जिवाणू ओळखला, २००५ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि ज्या आजारासाठी एके काळी जठराचा भाग कापून काढत, तो आज बहुतेकांचा दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

निघायचं ठरलं की रुग्णाला खायला देऊ नये, तोंड कोरडं पडलं तर घोटभर पाणी चालेल. शस्त्रक्रिया लागलीच तर पोट रिकामं असलेलं बरं. एरंडेल किंवा जुलाबाचं कुठलंही औषध देऊ नये, ॲपेंडिक्सच्या दाहात त्याने ते फुटण्याचा धोका असतो. पोट शेकायचंही टाळावं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्यासुद्धा, पिशवीत टाकाव्यात. जुने कागद आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट घ्यावेत. दुखणं कधी सुरू झालं, उलटी कितीदा झाली, शेवटची लघवी कधी झाली, पाळी कधी आली होती, हे एखाद्या चिठोऱ्यावर वेळ घालून लिहावं. आणि गाडीत रुग्णाशेजारी त्या माणसाला बसवावं जो त्याच्यासोबत रात्रभर जागा होता, मग ती घरातली सगळ्यांत कमी बोलणारी सून असली तरी. डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर तिला देऊ द्यावं.